तीन पेडल, दोन पाय

मोटारीच्या इंजिनाची एक मूळ अडचण आहे : त्याला चालू राहून थांबता येत नाही. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की ते धडधडतं आणि बंद पडतं. चाकाला मात्र थांबावं लागतं. सिग्नलला, ओढ्यातल्या धोंड्यापुढे, आणि कधी कधी चढाच्या मध्यावर आपली इच्छा नसतानाही. फिरणारं इंजिन आणि थांबलेलं चाक या दोघांच्या मध्ये काहीतरी घसरू द्यावंच लागतं. मॅन्युअल गाडीत ही घसरण क्लचप्लेटवर होते, कोरडी. ऑटोमॅटिकमध्ये ती तेलात होते. डोंगरातल्या वाटांसाठी कोणती गाडी घ्यावी हा वाद रंगतो ‘कंट्रोल’, ‘मजा’ आणि ‘खरा ड्रायव्हर’ या शब्दांवर; पण त्याचा निकाल बहुतेक वेळा ही घसरण कुठे होते आणि तिथली उष्णता कोण सोसतं यावर लागतो.

आपल्याकडे हा वाद तसा नवा आहे, कारण निवड करायला फारसं काही नव्हतंच. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली तेव्हापासून फोर बाय फोर म्हणजे मॅन्युअल हे गृहीतच होतं. १९८५ मध्ये आलेली जिप्सी शेवटपर्यंत मॅन्युअलच राहिली. फौजेत, वनखात्यात आणि सह्याद्रीतल्या हौशी मंडळींच्या हातात त्याच गाड्या होत्या, आणि त्यांच्यावरच सगळ्यांचे पाय तयार झाले. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली ती सहा गिअरच्या मॅन्युअलबरोबर सहा गिअरची ऑटोमॅटिकही घेऊन. २०२३ मध्ये जिम्नी आली, पाच गिअरची मॅन्युअल आणि चार गिअरची ऑटोमॅटिक. पुण्याच्या फोर्सची गुरखा मात्र अजून मॅन्युअलवरच आहे. तेव्हा पंधरा-वीस लाखांच्या आत खरी फोर बाय फोर घेणाऱ्या मराठी माणसापुढे हा प्रश्न आला तो अगदी अलीकडे, आणि त्याला उत्तरं दिली जातात ती मात्र जिप्सीच्या काळातली.

ऑटोमॅटिकच्या पोटातली जी वस्तू इथे महत्त्वाची, ती म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. तिचा जन्म मोटारीसाठी झालाच नाही. हर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. वेगानं फिरणारं वाफेचं टर्बाइन आणि सावकाश फिरायला हवा असलेला पंखा यांना जोडायचं कसं, या प्रश्नावर त्यानं १९०५ मध्ये पेटंट घेतलं. रचना थोडक्यात अशी : तेलानं भरलेल्या बंद डब्यात पात्यांच्या दोन वाट्या समोरासमोर. एक इंजिनाला जोडलेली, ती तेल फेकते; दुसरी गिअरबॉक्सला जोडलेली, ती फेकलेल्या तेलाच्या माऱ्यानं फिरू पाहते. दोघींच्या मध्ये तिसरा, छोटा पात्यांचा चक्का असतो. तो परत येणाऱ्या तेलाची दिशा अशी वळवतो, की ते पहिल्या वाटीला अडवण्याऐवजी मदत करतं. खरी करामत या तिसऱ्याची. चाक जागचं हलत नसतं आणि इंजिन जोर लावत असतं, तेव्हा चाकाकडे जाणारा जोर इंजिनाच्या जोराच्या जवळपास दुप्पट होतो. गाडीनं वेग घेतला की ही वाढ संपते आणि आतला एक क्लच दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट बांधून टाकतो.

म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जोर हवा, अगदी त्याच क्षणी तो आपोआप वाढतो. मॅन्युअलमध्ये अशी काही सोय नाही. क्लच कितीही नजाकतीनं सोडा, तो इंजिनाचा जोर फार तर जसाच्या तसा पुढे पाठवेल. त्यात भर घालणार नाही.

मग मॅन्युअलवाल्यांकडे काय असतं? गिअरचं गणित. पहिल्या गिअरचं प्रमाण, फोर लोचं (चारही चाकांकडे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या सावकाश गिअरचं) प्रमाण आणि अॅक्सलचं प्रमाण यांचा गुणाकार केला की ‘क्रॉल रेशो’ मिळतो : चाकाच्या एका फेरीसाठी इंजिन किती फेऱ्या मारतं तो आकडा. आकडा मोठा तितकी गाडी सावकाश आणि जोरकस. जिम्नीत मॅन्युअलला हा आकडा ३६ च्या आसपास येतो, ऑटोमॅटिकला २५ च्या आसपास. इंजिन १००० फेऱ्यांवर असताना मॅन्युअल जिम्नी ताशी साधारण साडेतीन किलोमीटरनं सरकते, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तितकी. ऑटोमॅटिक पाचच्या पुढे जाते. नुसता कागद पाहिला तर मॅन्युअल जिंकली. पण चढावर कन्व्हर्टर त्या २५ ला जवळपास दुप्पट करून टाकतो, आणि हे ब्रोशरमध्ये कुठेच छापलेलं नसतं. उतारावर मात्र कन्व्हर्टर काही वाढवत नाही. तिथे २५ हे २५ च राहतात. त्यामुळे एकच गाडी चढताना मॅन्युअलला भारी पडते आणि उतरताना कमी पडते. मोठ्या गाड्यांत ही दरी अरुंद आहे. अमेरिकेत मिळणाऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये मॅन्युअलला ८४.२ आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकला ७७.२ असे आकडे कंपनीच देते. गिअर जितके जास्त, तितका पहिला गिअर बुटका ठेवायला वाव मिळतो. जिम्नीचा चार गिअरचा बॉक्स जुन्या पिढीचा आहे, त्याचा हा परिणाम.

आता प्रत्यक्ष जमिनीवर येऊ, आणि त्यातही चढ अर्ध्यावर सुटण्याच्या प्रसंगाकडे. अनेक गाड्या उलटतात त्या इथे, आणि दोन्ही प्रकारांतला फरक इथे जितका दिसतो तितका कुठेच दिसत नाही.

पावसाळ्यात ओल्या मुरमाचा चढ आहे. गाडी दोन-तृतीयांश चढली आणि जोर संपून चाकं जागीच अडली. मॅन्युअल गाडीत पुढच्या दोन सेकंदांत काय घडतं पाहा. इंजिन गुदमरतं आणि बंद पडतं. ते बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग गेलं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरता उरतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. घाबरलेल्या ड्रायव्हरचा डावा पाय सवयीनं क्लचवर जातो, आणि तीच चूक. क्लच दाबला की गाडी इंजिनापासून सुटली. आता ती फक्त ब्रेकवर लटकलेली, आणि ब्रेक पुढच्या चाकांवर जास्त काम करतात, जी या क्षणी हलकी झालेली आहेत. गाडी मागे घसरते, पुढचा भाग बाजूला वळतो, आणि आडवी झालेली गाडी कोलांटते. जुने शिक्षक घोटून घ्यायचे ते असं : ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, मग क्लच दाबून रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, आणि गाडी रिव्हर्समध्ये असतानाच चावी फिरवा. स्टार्टर गाडीला ढकलत इंजिन चालू करतो आणि ती इंजिनाच्या लगामावर सरळ मागे उतरते. स्टिअरिंग सरळ, ब्रेकवर पाय अगदी हलका. जुन्या जीपमध्ये आणि जिप्सीत हे छान जमायचं. आजच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. सुरक्षेसाठी तशी तरतूद केलेली असते. म्हणजे ज्या युक्तीच्या भरवशावर ‘मॅन्युअल सुरक्षित’ असं सांगितलं जातं, ती नव्या गाडीत चालेलच असं नाही. आपल्या गाडीत काय होतं ते सपाटीवर आधी करून पाहावं.

ऑटोमॅटिकमध्ये हाच प्रसंग जवळजवळ कंटाळवाणा असतो. चाक थांबलं तरी इंजिन बंद पडत नाही, कारण मध्ये तेल आहे. ब्रेकला जोर आहे, स्टिअरिंग जिवंत आहे. ब्रेक दाबायचा, रिव्हर्स टाकायचा, ब्रेक हळूहळू सोडत सरळ मागे यायचं. नवख्या माणसाला मी ऑटोमॅटिक सुचवतो ते एवढ्या एका कारणासाठी. आरामाचा मुद्दा नंतरचा.

कातळावर आणि ओढ्यातल्या गोट्यांवर पारडं पुन्हा ऑटोमॅटिककडे झुकतं. पुढचं चाक धोंड्याला टेकलं की रेस वाढवावी लागते, आणि चाक धोंड्यावरून पलीकडे गेलं की त्याच क्षणी ब्रेक लागावा लागतो; नाहीतर गाडी पलीकडे आपटते आणि खालचं काहीतरी वाकतं. मॅन्युअलमध्ये पेडल तीन आणि पाय दोन. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय मोकळा असतो. तो ब्रेकवर ठेवायचा, उजवा अॅक्सिलरेटरवर, आणि दोन्ही एकाच वेळी हलके दाबत गाडी इंचाइंचानं धोंड्यावरून उतरवायची. डाव्या पायाला क्लचची सवय, त्यामुळे तो पहिल्यांदा ब्रेक कचकन दाबतो आणि शेजारचा माणूस डॅशबोर्डवर येतो. हे मोकळ्या मैदानात शिकून घ्यावं. शिवाय काही नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की संगणक इंजिनाचा जोर कापून टाकतो. त्या गाड्यांत ही युक्ती अर्धीच चालते.

मॅन्युअलवाला इथे काय करतो? हाफ क्लच. आणि मग तो वास येतो. जळक्या क्लचप्लेटचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वर्णनाची गरज नाही. फोर लो न लावता, फोर हायमध्येच हाफ क्लचवर धोंडे चढवणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. एका दुपारीत प्लेटचं अर्धं आयुष्य संपवतात. फोर लो लावून पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चालवलं, तर मॅन्युअलही कातळावर सुंदर चालते. पण त्यासाठी क्रॉल रेशो मोठा हवा आणि मन शांत हवं.

उतार हे मॅन्युअलचं माहेर. फोर लो, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलांवरून दूर. इंजिन आणि चाक यांच्यात घसरण शून्य, त्यामुळे इंजिन जेवढं सावकाश फिरेल तेवढीच गाडी उतरेल. ऑटोमॅटिकमध्ये उलट्या दिशेनंही तेल थोडं घसरतंच, आणि गाडी हळूहळू पुढे पळू पाहते. त्यावर उपाय म्हणून हिल डिसेंट कंट्रोल आलं : एकेका चाकाचा ब्रेक संगणक आपोआप लावत राहतो, खालून कट-कट असा आवाज येतो आणि नवीन मालक घाबरतो. व्यवस्था चांगली आहे, पण ती शेवटी ब्रेकवरच चालते, आणि लांब उतारावर ब्रेक तापतात. ऑटोमॅटिकवाल्यानं फोर लोमध्ये हातानं पहिला गिअर पक्का करावा आणि या यंत्रणेला आधार मानावं, आधारस्तंभ नव्हे. न्यूट्रल टाकून घाट उतरण्याची आपल्याकडची जुनी खोड दोन्ही गाड्यांत सारखीच जीवघेणी आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. ज्या गाडीत ट्रान्सफर केसला वेगळा न्यूट्रल आहे, तिथे तो चुकून लागला तर ऑटोमॅटिकचा ‘पी’ किंवा मॅन्युअलचा पहिला गिअर, दोन्ही गाडीला धरून ठेवत नाहीत. उतारावर गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा आणि चाकामागे दगड लावायचा.

वाळूत ऑटोमॅटिकचा विजय जवळजवळ निर्विवाद आहे. मऊ वाळू गाडीला सतत मागे ओढत असते. मॅन्युअलमध्ये गिअर बदलण्याचा तो अर्धा सेकंद सगळा वेग खाऊन टाकतो, आणि बदलून होईपर्यंत गाडी बसलेली असते. ऑटोमॅटिकमध्ये जोर तुटत नाही. दुबईत नोकरीला असलेली आपली मंडळी सुट्टीच्या दिवशी टेकड्यांवर जातात किंवा इथले लोक जैसलमेरच्या सम भागात जातात, तिथे हा फरक पहिल्याच टेकडीवर कळतो. अर्थात, गिअरबॉक्सपेक्षा टायरमधली हवा जास्त महत्त्वाची. १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवली नाही तर दोन्ही गाड्या सारख्याच रुततात. कोकणातल्या किनाऱ्यांचं इथे नाव घेत नाही ते मुद्दाम. अनेक ठिकाणी गाडी नेण्यास मनाई आहे, कासवांची घरटी त्याच वाळूत असतात, आणि भरतीच्या पाण्याला तुमचा गिअरबॉक्स कोणता याच्याशी घेणंदेणं नसतं.

चिखलात मत एवढं स्पष्ट होत नाही. देशावरची काळी माती टायरच्या खाचा बुजवून टाकते आणि मग चाक गुळगुळीत रबराचं होतं; तिथे एकसारखा, न तुटणारा जोर लागतो, म्हणून ऑटोमॅटिक बरी. पण रुतलेली गाडी पुढे-मागे झोके देऊन काढायची असेल, तर पहिला आणि रिव्हर्स यांच्यात झटपट फिरणारा मॅन्युअलवाला बाजी मारतो. ऑटोमॅटिक ‘डी’ आणि ‘आर’ यांच्यात विचार करत बसते, आणि घाई केली तर आतल्या क्लचांना मार बसतो. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा भरते. तिथल्या चिखलात जिप्सी आणि जुन्या जीपच्या मॅन्युअल गाड्या काय करून दाखवतात ते पाहिलं की वाटतं, विंच आणि शेजारी बसणारा जाणकार जोडीदार असेल तर गिअरबॉक्सचा वादच फिजूल आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. थार ६५० मिमी आणि नवी गुरखा ७०० मिमी पाण्यातून जाते असं कंपन्या सांगतात, पण ते स्थिर पाण्याचे आकडे आहेत; वाहत्या ओढ्याला लागू नाहीत. मॅन्युअलमध्ये पाण्यात क्लच दाबायचा नाही, कारण प्लेट सुटली की मध्ये पाणी आणि रेती शिरते. ऑटोमॅटिकमध्ये धोका वेगळा : तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासनळी खाली असेल तर तो पाणी ओढून घेतो. आतल्या क्लचांवरचं अस्तर कागदी तंतूंचं असतं, ते पाण्यानं सुटतं. लाल तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी जागीच बंद करावी.

लडाखचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण दरवर्षी महाराष्ट्रातून केवढ्या तरी गाड्या तिकडे जातात. पाच हजार मीटरच्या वर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्क्यांवर येते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोरही तेवढाच उरतो. चढावर थांबलेली मॅन्युअल गाडी पुन्हा हलवायला मग रेस वाढवून हाफ क्लच करावा लागतो, ट्रॅफिक अडलं की पुन्हा, पुन्हा. तिथल्या खिंडींत जळालेले क्लच याच कारणानं जळतात. कन्व्हर्टर तिथे खरा कामाला येतो. त्याला त्रास होतो तो उष्णतेचा : सावकाश, जड चढावर तेल सतत घुसळलं जातं आणि तापतं. १२० अंशांच्या वर ते लवकर खराब होऊ लागतं. फोर लो लावला की घुसळण कमी होते. ऑटोमॅटिकवाले फोर लो लावायला आळस करतात, कारण गाडी त्याच्याशिवायही चढते; तेल मात्र त्याची किंमत मोजत असतं.

एवढं सगळं लिहून एक सावधगिरी सांगायलाच हवी : वर जे ‘ऑटोमॅटिक’ म्हटलंय ते टॉर्क कन्व्हर्टरबद्दल. शोरूममध्ये एएमटी, डीसीटी, सीव्हीटी या सगळ्यांनाच ऑटोमॅटिक म्हणतात. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच यंत्र दाबतं. आणि चढावर इंचाइंचानं सरकताना ते यंत्र तुमच्यापेक्षा वाईट हाफ क्लच करतं. दोन कोरड्या क्लचांच्या डीसीटीतही उष्णतेचं तेच दुखणं. सीव्हीटी मऊ कच्च्या रस्त्याला ठीक, पण धोंड्यांवरचा अचानक झटका तिच्या पट्ट्याला मानवत नाही. यांपैकी काही घेण्यापेक्षा डोळे मिटून मॅन्युअल घ्यावी. रेनॉ डस्टरच्या फोर बाय फोरमध्ये फोर लो नव्हता, म्हणून पहिला गिअरच इतका बुटका दिला होता की १००० फेऱ्यांना गाडी ताशी सहा किलोमीटरही जात नसे. आणि ती मॅन्युअलच होती, हे उगाच नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र मॅन्युअलचा हात कुणी धरू शकत नाही. तालुक्याच्या गावातला मेकॅनिक जॅकवर गिअरबॉक्स उतरवून एका दिवसात क्लचप्लेट बदलून देतो. बॅटरी मेली तर चार माणसं आणि थोडासा उतार पुरतो. धक्का स्टार्ट ऑटोमॅटिकला होत नाही, कारण गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिन फिरल्याशिवाय दाब देत नाही. त्याच कारणानं बंद ऑटोमॅटिक गाडी चाकांवर लांब ओढून नेणंही घातक, तिला सपाट ट्रकच लागतो, आणि तो मोबाइलची रेंज नसलेल्या वाडीपर्यंत येत नाही. एकट्या गाडीनं दुर्गम भागात जाणाऱ्यानं, जिप्सीसारखी जुनी गाडी पाळणाऱ्यानं मॅन्युअलच घ्यावी. गटानं जाणाऱ्यानं, त्यातही नव्यानं शिकणाऱ्यानं, कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक घ्यावी. जोर हवा असेल तरी तिच्याकडेच जावं लागतं. पेट्रोल थारमध्ये ऑटोमॅटिकला ३२० एनएम आणि मॅन्युअलला ३०० एनएम मिळतात, फॉर्च्युनर डिझेलमध्ये तर ५०० विरुद्ध ४२०. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरमध्ये मॅन्युअल येतच नाही.

जुनी गाडी घेत असाल तर दोन चाचण्या फुकट आहेत. मॅन्युअलमध्ये सपाटीवर हँडब्रेक ओढा, समोर कुणी उभं नाही हे पाहा, तिसरा गिअर टाका आणि किंचित रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेटमध्ये जीव आहे. ते आरामात फिरत राहिलं तर किंमत पाडून मागा. ऑटोमॅटिकमध्ये तेल तपासायची पट्टी असेल तर ती पांढऱ्या कागदावर पुसा. लालसर डाग चांगला. तपकिरी आणि करपलेल्या वासाचा असेल, तर आधीचा मालक फोर लो न लावता चढ चढत होता असं समजा, आणि दुसरी गाडी पाहा.